वाचवलं, पण उतरवायचं कुठे?

४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी ‘अल पिरानपीर’ नावाचं गलबत उत्तर अरबी समुद्रात बुडालं. दोन दिवसांपूर्वीच ते पोरबंदरहून इराणच्या बंदर अब्बासला निघालं होतं. समुद्र खवळला, आत पाणी भरू लागलं आणि बारा खलाशी गलबत सोडून छोट्या होडीत उतरले. जागा द्वारकेच्या पश्चिमेला सुमारे २७० किलोमीटरवर. समुद्रातला हा पट्टा शोध आणि बचावासाठी पाकिस्तानच्या वाट्याला आलेला आहे. मुंबईच्या सागरी बचाव समन्वय केंद्रात खबर आली. तिथून ती गांधीनगरला तटरक्षक दलाच्या प्रादेशिक मुख्यालयात गेली आणि पाकिस्तानच्या केंद्रालाही कळवली गेली. गस्तीवर असलेली ‘सार्थक’ ही नौका तिकडे वळली आणि बाराही जण सुखरूप परतले. शेवटपर्यंत दोन्ही देशांची केंद्रं एकमेकांच्या संपर्कात होती आणि पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा संस्थेनं, म्हणजे ‘पीएमएसए’नं, सहकार्य केलं, हे आपल्या तटरक्षक दलानंच जाहीर केलं.

पालघर-डहाणूकडे ‘पीएमएसए’ हे नाव वेगळ्याच कारणानं ठाऊक आहे. तिकडचे तरुण, त्यात आदिवासी पाड्यांवरचे पुष्कळ, हंगामात गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट सागरी सीमेपलीकडे गेली, किंवा गेली असं पलीकडच्यांनी ठरवलं, की ते कराचीच्या तुरुंगात जाऊन पडतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओख्याहून निघालेल्या एका बोटीवर गोळीबार झाला आणि पालघर जिल्ह्यातला एक खलाशी मारला गेला. गुन्हा नोंदला गेला तो पीएमएसएच्या जवानांवर.

तीच संस्था, तोच समुद्र. अनेकांना हा ढोंगीपणा वाटतो. मला वाटत नाही. सीमेची खिडकी वेगळी आणि बचावाची खिडकी वेगळी ठेवली, म्हणूनच त्या बारा जणांच्या घरचे आज सुतकात नाहीत. २००५ साली भारतीय तटरक्षक दल आणि पीएमएसए यांच्यात सामंजस्य करार झाला, थेट फोनलाइन आली. मधल्या वर्षांत दोन्ही देशांत काय काय झालं ते सांगायला नको. माझं म्हणणं एवढंच आहे की जगात जिथे जिथे या दोन खिडक्या एक झाल्या, तिथे माणसं बुडाली. आणि ती बुडाली तेव्हा बहुतेक वेळा जहाज जवळ होतं, ठिकाण ठाऊक होतं, फोनही लागत होता.

आधी ही वाटणी काय आहे ते पाहू. १९७९ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गला सागरी शोध आणि बचावाचा आंतरराष्ट्रीय करार झाला, १९८५ मध्ये तो लागू झाला. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला जगातल्या समुद्रांचे तेरा मोठे भाग ठरले आणि त्या भागांत देशांनी आपापले तुकडे सांभाळायचे असं ठरलं. भारताच्या वाट्याला सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटर समुद्र आहे, म्हणजे देशाच्या जमिनीपेक्षा बराच जास्त. मुंबई, चेन्नई आणि श्री विजयपुरम, म्हणजे परवापर्यंतचं पोर्ट ब्लेअर, अशी तीन केंद्रं तो बघतात. या क्षेत्रांचा देशांच्या सीमांशी संबंध नाही, हे करारातच लिहून ठेवलेलं आहे. मदत करताना संकटातल्या माणसाचं राष्ट्रीयत्व आणि दर्जा बघायचा नाही, हेही त्यातच आहे.

म्हणजे क्षेत्र ही मालकी नाही, पाळी आहे. शिवेवरच्या विहिरीत कोणी पडलं तर गावकरी तलाठ्याला बोलावून सातबारा काढत नाहीत. दोर कोणी आणायचा याचा गोंधळ होऊ नये, एवढ्यासाठीच समुद्रावर ही पाळी लावलेली आहे. ज्याची पाळी त्यानं सगळं स्वतः करायचं असंही नाही. जो जवळ आहे, ज्याच्याकडे विमान आहे, त्याला सांगायचं आणि काम तडीस जाईपर्यंत सूत्रं हातात ठेवायची. अल पिरानपीरच्या वेळी पाळी पाकिस्तानची होती आणि दोर आपला होता. कोणाचंही काही बिघडलं नाही.

हे तंत्र किती पुढे गेलंय ते बंदरावरच दिसतं. मागच्या हंगामात हर्णैला एका तांडेलानं मला आपल्या बोटीतलं ‘डॅट’ दाखवलं. इस्रोनं मच्छीमारांसाठी बनवलेलं हे संकटसंदेश पाठवणारं यंत्र. केबिनमध्ये गणपतीच्या तसबिरीशेजारी, खारं पाणी लागू नये म्हणून दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, सुतळीनं आवळून ठेवलेलं. आग, बुडणं, आजारपण, कोणी पाण्यात पडलं, असे वेगवेगळे इशारे त्यावरून देता येतात. मी विचारलं, दाबल्यावर पुढे काय?

‘सॅटेलाइटला जातं.’

‘मग?’

‘मग वाट बघायची. पोचलं की नाही ते हे थोडंच सांगतं!’

जुन्या यंत्राचं हे दुखणं खरंच होतं. संदेश एकाच बाजूनं जायचा. इस्रोनं २०२४ मध्ये आणलेल्या दुसऱ्या पिढीच्या डॅटमध्ये उलट उत्तर येतं, ‘तुमचा संदेश मिळाला’ असं. बुडत्या बोटीवरच्या माणसाला एवढं कळणंही किती मोठं असतं, ते किनाऱ्यावर बसून समजायचं नाही. बाकी त्या सुतळीच्या गाठीचं काय करायचं ते इस्रोच्या हातात नाही. पाणी कमरेला लागल्यावर ती कोण सोडणार, हे मी तांडेलाला विचारलं तेव्हा तो हसला आणि गाठ थोडी सैल केली.

मोठ्या जहाजांवरच्या बीकनमागे, म्हणजे संकटाचा संकेत पाठवणाऱ्या यंत्रामागे, जी व्यवस्था आहे तिचं नाव ‘कॉस्पास-सारसॅट’. अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी १९७९ मध्ये ती उभी करायला घेतली. म्हणजे अफगाणिस्तानात रशियन रणगाडे घुसले त्याच वर्षी. सप्टेंबर १९८२ मध्ये कॅनडाच्या डोंगरात कोसळलेल्या एका छोट्या विमानाचा संकेत सोव्हिएत उपग्रहानं पकडला आणि तीन कॅनेडियन माणसं वाचली. एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसलेल्यांनी ही खिडकी उघडी ठेवली. आज भारताची बंगळुरू आणि लखनौची केंद्रं त्याच जाळ्यात आहेत आणि बांगलादेश, श्रीलंका, मालदीव, सेशेल्स, अगदी टांझानियापर्यंतचे संकेत बंगळुरूतून पुढे जातात. वारा आणि प्रवाह पाहून माणूस किंवा होडी कुठवर वाहत गेली असेल ते सांगणारं साधन हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेनं केलेलं आहे. तेव्हा ‘समन्वय वाढवा’ असं जेव्हा परिषदांमध्ये बोललं जातं, तेव्हा मला प्रश्न पडतो की नक्की कशाचा? शोधाचा समन्वय बऱ्यापैकी जमलेला आहे.

अभिलाष टॉमी आठवतात का? तेव्हा आपल्या नौदलाचे अधिकारी, ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत गोव्यात बांधलेल्या ‘तुरीया’वरून एकटे जगप्रदक्षिणेला निघाले होते. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळानं होडी उलटीपालटी केली, डोलकाठ्या मोडल्या, पाठीला जबर मार बसला. उठून उभंही राहता येत नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैल. त्या भागाची पाळी ऑस्ट्रेलियाची, म्हणून सूत्रं कॅनबेराच्या केंद्राकडे. भारतीय नौदलाचं पी-८आय विमान मॉरिशसहून उडालं आणि त्यानं होडी शोधली. ‘आयएनएस सातपुडा’ वळवली गेली. पण सर्वांत आधी पोचली ती ‘ओसिरिस’, मासेमारीवर लक्ष ठेवणारी फ्रेंच गस्ती नौका. तीन दिवसांत टॉमी तिच्यावर होते आणि तिथून फ्रान्सच्या ताब्यातल्या ॲमस्टरडॅम बेटावरच्या दवाखान्यात. चार देशांची माती या गोष्टीत आहे आणि माणूस एकच.

आता दुसरी गोष्ट. ११ फेब्रुवारी २०२१ ला बांगलादेशातल्या कॉक्स बाजारहून रोहिंग्यांची एक होडी निघाली. साधारण नव्वद माणसं. चार दिवसांत इंजिन बंद पडलं. होडी अंदमान समुद्रात वाहवत राहिली, पिण्याचं पाणी संपलं. भारतीय तटरक्षक दलानं तिला शोधलं तेव्हा ८१ जण जिवंत होते आणि आठ मृतदेह होते. तटरक्षक दलानं त्यांना पाणी दिलं, अन्न दिलं, डॉक्टरी मदत दिली. शोध यशस्वी. पुढे काय? भारत म्हणाला, ही माणसं बांगलादेशातून आली, बांगलादेशानं परत घ्यावीत. बांगलादेश म्हणाला, आमच्यावर बंधन नाही. म्यानमारचा तर प्रश्नच नव्हता, तिथूनच ती हाकललेली. जूनमध्ये ती ८१ माणसं इंडोनेशियात आचेजवळच्या एका बेटावर लागली. शंभरहून अधिक दिवस समुद्रावर.

टॉमींना कोणी विचारलं नाही की तुम्हाला उतरवायचं कुठे. टॉमींच्या बाबतीत जे झालं ते योग्यच झालं, त्यात कमी-जास्त काही करायला नको. पण दोन्ही होड्या संकटातच होत्या, आणि करारातलं ते ‘दर्जा बघायचा नाही’ हे वाक्य दोघांनाही सारखंच लागू होतं. एकाला परतायला देश होता, बाकीच्यांना नव्हता, एवढाच फरक.

भूमध्य समुद्रात हाच प्रकार मिनिटामिनिटाच्या नोंदीसह घडला. ११ ऑक्टोबर २०१३. लिबियाहून निघालेल्या, सीरियन कुटुंबांनी भरलेल्या नौकेत पाणी शिरत होतं. नौकेवरच्या एका डॉक्टरनं दुपारी साडेबाराच्या आसपास रोमच्या केंद्राला फोन लावला. पुढे त्यांना सांगण्यात आलं, तुम्ही माल्टाच्या क्षेत्रात आहात, माल्टाला फोन करा. नौका इटलीच्या लाम्पेदुसा बेटापासून ६१ सागरी मैलांवर, माल्टापासून ११८ मैलांवर. इटलीच्या नौदलाची ‘लिब्रा’ सुमारे १७ मैलांवर उभी होती. दोन केंद्रांमध्ये दुपारभर बोलणी चालली. पाचच्या सुमारास नौका उलटली. दोनशेहून अधिक माणसं गेली, त्यांत साठ लहान मुलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनं २०२१ मध्ये इटलीला दोष दिला. तोवर सात वर्षं उलटून गेली होती.

माल्टाला नुसतं खलनायक करून चालणार नाही. ३१६ चौरस किलोमीटरचं बेट. मुंबई-ठाण्याच्या पसाऱ्यात हरवून जाईल एवढं. आणि त्याच्याकडे सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटर समुद्राची पाळी, ट्युनिशियापासून पार ग्रीसच्या क्रीटपर्यंत. लाम्पेदुसा बेटसुद्धा त्याच्याच पट्ट्यात येतं. एवढी पाळी तर घेतली, पण २००४ मध्ये करारात जी दुरुस्ती झाली ती माल्टानं मान्य केली नाही. ज्याचं क्षेत्र त्यानं वाचलेल्यांना सुरक्षित ठिकाणी उतरवण्याची व्यवस्था लावायची, असं ती दुरुस्ती म्हणते. माल्टा म्हणतो, जे बंदर सर्वांत जवळचं तिथे उतरवा. इटली म्हणते, क्षेत्र ज्याचं त्यानं बघा. दोघांकडे कायद्याचा आधार आहे.

ही दुरुस्ती आली ती ‘टांपा’मुळे. ऑगस्ट २००१ मध्ये नॉर्वेच्या या मालवाहू जहाजानं ऑस्ट्रेलियाच्याच सांगण्यावरून इंडोनेशियाच्या क्षेत्रातल्या एका बुडत्या होडीतून चारशेहून अधिक माणसं उचलली. जहाजावर २७ कर्मचारी आणि पन्नासच माणसांचा परवाना. ऑस्ट्रेलियानं ख्रिसमस बेटावर उतरू दिलं नाही, जहाजावर सैनिक पाठवले. कप्तान आर्ने रिनान यांचा दोष एवढाच की त्यांनी हाकेला ओ दिली.

हा मुद्दा आपल्याकडे कोणी फारसा बोलत नाही आणि मला तो सर्वांत जवळचा वाटतो. जगभरच्या जहाजांवर मनुष्यबळ पुरवणाऱ्या पहिल्या काही देशांत भारत आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात, मुंबईच्या उपनगरांत, गोव्यात अशी घरं आहेत जिथे मुलगा ‘शिपवर’ असतो. उद्या त्याच्याच जहाजाला रेडिओवर सांगितलं जाईल की वीस मैलांवर होडी बुडतेय, वळा. तो वळणार, वळायलाच हवं, तो कायदाही आहे आणि दर्यावर्दीचा धर्मही. आणि मग? २०२० च्या ऑगस्टमध्ये डेन्मार्कच्या ‘मेर्स्क एटीएन’ या टँकरनं माल्टाच्याच विनंतीवरून २७ जणांना उचललं, आणि पाच आठवड्यांहून जास्त काळ ते जहाज माल्टाबाहेर उभं राहिलं. कोणीच उतरवून घेईना. वाचलेल्यांपैकी तिघांनी समुद्रात उड्या मारल्या, त्यांना पुन्हा वाचवावं लागलं. असा अनुभव दोन-चार वेळा आला की पुढच्या वेळी एखाद्या कप्तानाला रेडिओ नीट ऐकू येणार नाही. पंधरवडाभर जहाज अडकल्याचा खर्च मालक त्याला विचारणार असतो.

शिवाय मालवाहू जहाज हे बचावाचं साधनच नाही. त्याची भिंत तीन-चार मजली उंच असते आणि खाली होडीत माणसं एका बाजूला धावतात. एप्रिल २०१५ मध्ये ‘किंग जेकब’ हे पोर्तुगालचा झेंडा लावलेलं जहाज मदतीला जवळ आलं, माणसांनी खचाखच भरलेली नौका त्याच्यावर आदळून उलटली. मेलेल्यांचा आकडा आठशेच्या आसपास मानला जातो, २८ वाचले. त्याआधी सहाच महिन्यांपूर्वी इटलीनं आपली ‘मारे नोस्त्रुम’ मोहीम गुंडाळली होती. महिन्याला सुमारे ९० लाख युरो खर्चाच्या या मोहिमेनं वर्षभरात दीड लाखाच्या आसपास माणसं वाचवली होती. ‘वाचवता म्हणून ते येतात,’ हा तेव्हाचा युक्तिवाद. मोहीम बंद झाल्यावर होड्या थांबल्या नाहीत. नौदलाच्या जागी किंग जेकबसारखी जहाजं पाठवावी लागली.

सुरक्षेचा आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही, मुंबईत राहून ते शक्य नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये दहा जण ‘कुबेर’ या भारतीय मच्छीमार बोटीवरूनच आले होते, तिच्या तांडेलाला मारून. अनोळखी होडीकडे संशयानं बघायला आपल्याकडे कारण आहे. पण बघायचं म्हणजे काय? झडती घ्या, बोटांचे ठसे घ्या, बंदरावर वेगळं ठेवा, महिनाभर चौकशी करा. हे सगळं जमिनीवर जास्त नीट होतं. होडीला डिझेल देऊन पुढे ढकलली तर तिच्यात कोण होतं हे आपल्याला कधीच कळत नाही. उतरवून घेणं म्हणजे नागरिकत्व देणं नव्हे, आश्रय देणंही नव्हे. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आणि तो वाद इथे आणायची गरजही नाही.

गरज आहे ती बंगालच्या उपसागरासाठी आणि अंदमान समुद्रासाठी आधीच ठरवून ठेवलेल्या यादीची. वाचलेली माणसं कोणत्या बंदरांवर उतरवायची, कोणाची पाळी कधी, जहाज किती तासांत मोकळं करायचं, पहिल्या तीन महिन्यांचा खर्च कोणी किती उचलायचा. होडी दिसल्यावर नव्हे, त्याआधी. २०१५ मध्ये थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशिया हजारो माणसांना एकमेकांच्या पाण्यात ढकलत होते, तेव्हा जगभर ओरड झाली. २०१६ मध्ये बालीत, मानवी तस्करी आणि स्थलांतराच्या प्रश्नावर एकत्र आलेल्या देशांच्या गटाचा जाहीरनामा निघाला, तातडीनं सल्लामसलत करायची यंत्रणा ठरली. भारत त्या बाली गटात आहे. पाच वर्षांनी ती ८१ माणसं त्याच समुद्रात तरंगत होती. सल्लामसलतीवर भागत नाही. यादी लागते.

यादी नसली की भार कोणावर पडतो ते आचेत दिसलं. तिथे ‘पांगलिमा लाओत’ ही मच्छीमारांची जुनी पंचायत आहे. समुद्रात संकटात सापडलेल्याला मदत करणं तिच्या रिवाजात बंधनकारक आहे. २०१५ मध्ये याच मच्छीमारांनी होड्या ओढून आणल्या. जून २०२० मध्ये अधिकारी नको म्हणत असताना गावकऱ्यांनी सुमारे शंभर जणांना किनाऱ्यावर उतरवलं. आणि त्याच आचेत २०२३ च्या अखेरीस गावकऱ्यांनी होड्या परत समुद्रात ढकलल्या, विद्यार्थ्यांच्या जमावानं निर्वासितांच्या निवाऱ्यात घुसून त्यांना बाहेर काढलं. एकाएकी माणसं वाईट झाली असं मला वाटत नाही. सरकारं हात वर करत गेली आणि वर्षानुवर्षं गरीब कोळीवाड्याच्याच चुलीवर सगळा भार टाकला गेला.

पाकिस्तानशी असलेल्या फोनलाइनबद्दलही असाच व्यावहारिक विचार हवा. भारत आणि पाकिस्तान १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिल झालं, २६/११ झालं, तो शिरस्ता मोडला नाही. बचाव केंद्रांमधल्या संपर्काला तोच दर्जा द्यावा. संबंध बिघडले की उच्चायुक्त परत बोलवा, सामने रद्द करा, पण मुंबई आणि कराचीच्या केंद्रांमधलं बोलणं त्या यादीत कधीच घालू नका. यात औदार्य फार कमी आणि स्वार्थच जास्त आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्वादरजवळ ‘जमना सागर’ हे आपलं गलबत बुडालं तेव्हा त्यावरच्या दहांपैकी नऊ खलाशांना वाचवण्याची मोहीम पाकिस्तानी नौदलानं हाताळली, त्यासाठी जवळून जाणारं एक व्यापारी जहाज वळवलं.

हर्णैच्या त्या तांडेलाला निघताना मी विचारलं होतं, बाहेर कधी परक्या माणसांनी भरलेली होडी दिसली तर? तो बर्फाच्या लाद्या मोजून घेत होता. मोजणी न थांबवता म्हणाला, ‘दोर टाकणारच की. तुम्ही असता तर तुम्हीपण टाकला असता.’ मग दोन लाद्या खाली गेल्यावर म्हणाला, ‘पण मग बंदरावर आणल्यावर चौकशीत माझे चार दिवस जाणार. डिझेल, बर्फ, खलाशांची मजुरी, ते कोण देणार तेवढं लिहा.’